कॉलेज एक, पास दोन

(वस्तीतल्या विहारात दहावी-बारावी पास झालेल्या पोरापोरींपुढं आणि त्यांच्या आईबापांपुढं केलेलं भाषण. बोललो तसं लिहून काढलंय. शिव्या तेवढ्या गाळल्यात, त्याही सगळ्या नाही.)



मला इथं उभं केलंय हीच एक गंमत आहे. मी दहावी. तीही रात्रशाळेतून, दुसऱ्या फटक्यात, गणितात पस्तीस. दिवसा गोदीत गोण्या आणि रात्री बीजगणित. आता सत्ताविसावं चालू आहे आणि अजून गोदीतच आहे. कविता करतो, पण कवितेनं कुणाची अ‍ॅडमिशन झाल्याचं ऐकिवात नाही. तरी पोरं म्हणाली, तूच बोल. का? तर मी कॉलेज शिकलो नाही, पण कॉलेजची फी भरलीय. पाठीनं भरलीय. कॉलेज काय चीज आहे हे शिकणाऱ्यापेक्षा कधीकधी फी भरणाऱ्याला जास्त कळतं.

माझ्याआधी एक सर बोलून गेले. म्हणाले, आवडीचा कोर्स निवडा, स्वप्नं मोठी बघा. बरोबर आहे त्यांचं. फक्त स्वप्नाची पहिल्या वर्षाची फी किती आणि ती कुठल्या तारखेला भरायची, तेवढं सांगायचं राहून गेलं.

मी तिथनंच सुरू करतो.

गोदीच्या गेटावर सकाळी दोन माणसं उभी राहतात. एक कायमचा कामगार, एक कंत्राटी. दोघं एकाच गेटातून आत जातात. एकच गोणी उचलतात, एकच धूळ खातात. फरक काय? पास वेगळा. सगळं सुरळीत चाललंय तोवर हा फरक दिसत नाही. पण गोणी पायावर पडली, माणूस दोन महिने घरी बसला, की मग कळतं कुणाच्या खिशात कुठला पास होता. एकाचा पगार चालू राहतो. दुसऱ्याच्या जागेवर तिसरा उभा असतो.

कॉलेजचं हुबेहूब तसंच आहे. तुम्ही गेट बघता. बोर्ड बघता. काचेची बिल्डिंग, बाहेर उभ्या असलेल्या पोरींच्या स्कूट्या. पोरगं घरी येऊन सांगतं, आई, मला ह्याच कॉलेजात घाल. अरे बाबा, घालतो. पण कुठल्या पासावर? एका बिल्डिंगीत, एका मजल्यावर, एका बाकावर दोन पोरं शेजारीशेजारी बसलेली असतात आणि एकाची फी काही हजारांत निघते, दुसऱ्याची लाखात जाते. म्हणून मी कॉलेजचं नाव विचारतच नाही. मी विचारतो, जागा कुठली.

जरा उलगडून सांगतो, कारण आपल्या घरात हे सांगणारं कोण नसतं. वरच्या आळीतल्या पोराचा मामा प्राध्यापक असतो. आपला मामा माझ्यासारखा.

साधं बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. घ्या. हे बहुतेक जुन्या कॉलेजांत अनुदानित असतं. म्हंजे मास्तरांचा पगार सरकार देतं, म्हणून फी कमी. त्याच कॉलेजच्या त्याच जिन्यावर बी.एम.एस., बी.ए.एफ., आय.टी. असे इंग्रजी अक्षरांचे कोर्स असतात. ते बहुतेक विनाअनुदानित. तिथं मास्तरांचा पगार तुझ्या बापाच्या खिशातून जातो. फी वीस-पंचवीस हजारांच्या पुढं, कधी त्याच्या कितीतरी पुढं. कोर्स वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण काउंटरवरचा माणूस आपल्याला सांगत नाही की 'हा अनुदानित, हा विनाअनुदानित'. तो फॉर्म पुढं सरकवतो आणि आपण सही करतो. तेव्हा तोंड उघडून विचारायचं: साहेब, ही तुकडी अनुदानित आहे का? लाजायचं नाही. लाज त्यानं धरायची.

इंजिनिअरिंग, फार्मसी, ह्यांची गोष्ट आणखी वेगळी. महाराष्ट्रात १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदान तत्त्वावर खासगी इंजिनिअरिंग कॉलेजं काढायला परवानगी दिली. तिथून शिक्षणसम्राट नावाची जात जन्माला आली. ह्या जातीला पडताळणी लागत नाही. मग डोनेशनचा एवढा बोभाटा झाला की १९८७ साली कॅपिटेशन फीवर बंदीचा कायदा करावा लागला. कायदा आजही पुस्तकात आहे. डोनेशनही आहे, फक्त पुस्तकात नाही.

ह्या खासगी कॉलेजांत बहुतेक जागा सीईटीच्या गुणांवर, सरकारी कॅप राउंडमधून भरतात. वीस टक्क्यांपर्यंतच्या जागा संस्था स्वतः भरते. त्याला कुणी व्यवस्थापन कोटा म्हणतं, कुणी इन्स्टिट्यूट लेव्हल. आता कान देऊन ऐका, आजच्या भाषणात एवढंच लक्षात राहिलं तरी चालेल. कॅपमधून गेलेल्या आपल्या पोराला शिष्यवृत्ती आहे, फ्रीशिप आहे. व्यवस्थापन कोट्यातून गेलेल्याला काही नाही. तीच जात, तोच दाखला, तेच उत्पन्न, तोच बाक. पण पास दुसरा. त्याला पूर्ण फी.

हे मला कसं कळलं ते सांगतो.

२०१९ साल. माझी धाकटी बहीण बारावी झाली. सायन्स. आमच्या चाळीत पहिली. सीईटीत बरे गुण होते, फार नाही, बरे. कॅपचा ऑप्शन फॉर्म भरायला ती सायबर कॅफेत गेली. मी कामावर, आई कामावर. तिनं तीन कॉलेजं भरली. तीनच. ऐकलेली, मोठी, सगळ्यांच्या तोंडी असलेली. कॅफेवाल्यानं घाई केली आणि हिला वाटलं, जास्त नावं भरली तर लोक हावरट म्हणतील. तिन्हीपैकी एकही लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी एक माणूस घरी आला. पांढरा शर्ट, हातात फाइल, फाइलीत रंगीत माहितीपत्रक. गोड बोलणं. आईला मावशी म्हणाला. म्हणाला, मावशी, पोरीचं वर्ष कशाला वाया घालवताय, माझ्या ओळखीचं कॉलेज आहे, तुमची कास्ट आहे ना, मग फी माफच आहे, फक्त सीट पक्की करायला चाळीस हजार. कॉलेजचं नाव मी घेत नाही. घेतलं तर ते म्हणतील एकाच कॉलेजला बदनाम करतो. तसली कॉलेजं एक नाहीत, हीच तर रड आहे.

चाळीस हजार पतपेढीतून उचलले. पावती? पावती आली नाही. पहिल्या वर्षी पंच्याऐंशी हजार फी भरा म्हणाले, शिष्यवृत्ती आली की परत मिळतील. आईच्या कानातलं गेलं, माझा सहा महिन्यांचा ओव्हरटाइम गेला. पोरगी कॉलेजात जायला लागली. पहिल्यांदा सॅक घेऊन स्टेशनला निघाली तेव्हा अख्खी चाळ कठड्यावर उभी होती. मी त्यावर कविता केली होती. फाडून टाकली नंतर.

शिष्यवृत्तीचा अर्ज नामंजूर झाला. कारण एका ओळीत: प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून नाही. कॉलेजच्या ऑफिसात गेलो. कामाचे कपडे होते, अंगावर गहू होता. क्लार्कनं मान वर न करता सांगितलं, तुम्ही कोट्यातून आलात, तुम्हाला माहीत असायला पाहिजे होतं. माहीत असायला पाहिजे होतं! साहेब, आमच्या सात पिढ्यांत कॉलेजात गेलेलं पहिलं माणूस ही, आणि तुम्ही विचारता माहीत का नव्हतं.

दुसऱ्या वर्षी पुन्हा पंच्याऐंशी हजार. नव्हते. तिनं कॉलेज सोडलं. मग बारावीची मूळ मार्कशीट आणि टीसी अडकवून ठेवली, बाकी भरा म्हणाले. यूजीसीनं २०१८ सालीच कॉलेजांना बजावलं होतं की पोरांची मूळ कागदपत्रं अडकवून ठेवायची नाहीत. ती नोटीस मला कळली दोन वर्षांनी. तोवर मी पैसे भरून कागद सोडवून आणले होते, गहाण टाकलेलं भांडं सोडवतात तसे.

हे रडगाणं नाही. त्या चाळीस हजारात मी जे शिकलो ते तुम्हाला आज फुकट देतोय, म्हणून सांगितलं.

तर ऑप्शन फॉर्म भरायचा तर लांबलचक भरा. तीन नाही, तीस भरा. आवडीच्या क्रमानं. पहिल्या नंबरावर तेच लिहा जे खरोखर हवंय, कारण पहिल्या नंबराचं मिळालं की ते घ्यावंच लागतं, नाहीतर पुढच्या फेरीतून बाहेर. फॉर्म घरातल्या दोन माणसांनी वाचल्याशिवाय लॉक करू नका. जागा लागल्यावर हातात येणारं पत्र नीट वाचा, त्यावर जागा कुठल्या प्रकारची हे छापलेलं असतं. आणि पैसे भरण्याआधी महाडीबीटीच्या संकेतस्थळावर जा. तिथं शिष्यवृत्तीच्या अर्जात कॉलेजची आणि कोर्सची यादी निघते. तुमचं कॉलेज त्यात आहे का? नुसतं कॉलेज असून भागत नाही, तो कोर्स, ती शाखा आहे का? यादीत नाव नसेल तर अर्जच भरता येत नाही. खासगी विद्यापीठाची जाहिरात बघून भुरळ पडली असेल तर हे आधी करा, भुरळ आपोआप उतरते.

फीचा आकडासुद्धा कॉलेजच्या तोंडून ऐकू नका. अशा कोर्सेसची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर टाकलेली असते. आकडा कागदावर उतरवा आणि तो कागद घेऊन काउंटरवर जा. जास्त मागितली तर विचारा, हे जास्तीचे कशाचे. विकास निधी, ड्रेस, ट्रेनिंग, बस. बस नको असेल तर नको म्हणा.

आता शिष्यवृत्ती. लोकांना वाटतं, आपल्याला सगळं फुकट. हे दुसरे म्हणतात ते म्हणतातच, आपलेही म्हणतात. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या २०२१ च्या नियमात घरच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख लिहिलीय. त्याच्या वरचं उत्पन्न असेल तर अनुसूचित जातीच्या पोराला राज्याची फ्रीशिप आहे, शिक्षण फी आणि परीक्षा फीपुरती. आणि निर्वाह भत्ता? त्याच नियमात बी.ए., बी.कॉम.ला घरून जाणाऱ्या पोराला वर्षाला तीन हजार. महिन्याला अडीचशे रुपये. त्यात पास काढ, झेरॉक्स काढ, वडापाव खा आणि देशाचा भावी नागरिक हो.

बरं, हे पैसे कधी येतात? प्रवेश जुलै-ऑगस्टात. पैसे वर्ष सरत आल्यावर, कधी पुढच्या वर्षी. ही मधली जी दरी आहे ना, तिथंच आपली पोरं पडतात. फी जास्त म्हणून जेवढी गळत नाहीत, तेवढी पैसे वेळेवर आले नाहीत म्हणून गळतात. तेव्हा हिशोब वर्षाचा करू नका, महिन्याचा करा. एका कागदावर जुलै ते मे अकरा महिने लिहा. प्रत्येक महिन्यापुढं काय जाणार ते लिहा, आणि शिष्यवृत्तीचा आकडा शून्य धरा. शून्य. मग बघा कुठल्या महिन्यात बुडताय. ज्या कॉलेजात अकराही महिने नाक पाण्याच्या वर राहतं, ते कॉलेज तुमच्या ऐपतीतलं.

आणखी एक. त्याच नियमानं केंद्राचा साठ टक्के वाटा थेट पोराच्या खात्यात जमा होतो. आधार जोडलेलं खातं लागतं. एके दिवशी पोराच्या खात्यात मोठी रक्कम येते. घरात आनंद. पत्रे बदलूया, भावाचं लग्न आहे. आईबापांनो, हात जोडतो, त्या पैशाला हात लावू नका. त्यात कॉलेजची फी असते, ती तुम्हाला कॉलेजला भरायची असते. नाही भरली तर परीक्षेच्या तोंडावर तुमच्या पोराला भर वर्गात उभं करतात.

कागदांचं बोलतो, मग पुढं जातो. जातीचा दाखला म्हणजे जात पडताळणी नव्हे. दोन वेगळे कागद. व्यावसायिक कोर्सला राखीव जागेवर जायचं तर वैधता प्रमाणपत्र लागतं, ते जिल्ह्याच्या पडताळणी समितीकडून येतं, आणि मुदतीत दिलं नाही तर राखीव जागा जाते. म्हणून बारावी सायन्सला बसलात की त्याच वर्षी अर्ज टाका, निकालाची वाट बघू नका. बापाचं किंवा सख्ख्या चुलत्याचं वैधता प्रमाणपत्र असेल तर काम हलकं होतं. नसेल तर १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. आजोबाचा शाळेचा दाखला आणा म्हणतात. आता बघा गंमत. आजोबा शाळेत गेला नाही म्हणून जात सिद्ध होत नाही, आणि जातीमुळंच आजोबा शाळेत गेला नाही! तरी वाट आहे. गावच्या तहसीलला जाऊन कोतवाल बुकाची नक्कल काढा. जन्म-मृत्यूच्या त्या नोंदींत ज्यांनी आपल्याला वेशीबाहेर ठेवलं त्यांनीच आपली जात मोठ्या प्रेमानं लिहून ठेवलीय. कधी नव्हे ती कामाला येते.

आता तुम्ही म्हणाल, हा नुसता स्वस्ताच्या मागं लागलाय. नाही. स्वस्त म्हणून कुठंही शिरा असं मी सांगणार नाही. हा सल्ला आपल्याला वरचे लोक पिढ्यानपिढ्या देत आलेत: तुम्हाला काय करायचंय एवढं, जवळचंच एखादं बघा. कॉलेज ऐपतीत बसलं पाहिजे आणि गरजेलाही पुरलं पाहिजे. ह्या दोन गोष्टी एकत्र कशा बसवायच्या, ते एका माणसानं आपल्याला करून दाखवलंय.

बाबासाहेबांनी २० जून १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं. सकाळचे वर्ग ठेवले. का? मुंबईतल्या आपल्या पोराला नोकरी होती, त्याच्या पगारावर घर होतं. नोकरी सोडून ये म्हणणं म्हणजे येऊ नको म्हणणं. म्हणून सकाळी शिक आणि मग कामावर जा. सिद्धार्थच्या इमारती आनंद भवन, बुद्ध भवन, फोर्टात. आजूबाजूला ऑफिसं, पेढ्या, आणि चालत जावं एवढ्यावर आमची गोदी. मग १९५० साली औरंगाबादला मिलिंद काढलं. तिथं सकाळच्या वर्गांचा काय उपयोग? मराठवाड्यातलं पोरगं दूरच्या खेड्यातून येणार, त्याला शहरात कोण भाड्यानं खोली देणार, आणि दिली तरी जात विचारल्याशिवाय देणार का? तिथं नागसेनवनात वसतिगृहं उभी राहिली. माणूस तोच, संस्था तीच, पीपल्स एज्युकेशन सोसायटी. पण मुंबईच्या पोराची गरज वेळेची होती आणि मराठवाड्याच्या पोराची छपराची, हे त्यांनी ओळखलं. आधी पोराची गरज बघितली, मग कॉलेजचा नकाशा काढला.

आज कॉलेज तुमच्यासाठी नकाशा काढणार नाही. तुम्हालाच आपली गरज ओळखावी लागेल. म्हणून प्रत्येकानं आधी स्वतःला विचारा: माझं कशावाचून अडतं? वेळ, छप्पर, की पैसे?

ज्याला कमवावंच लागतं त्यानं सकाळचं किंवा रात्रीचं कॉलेज बघा. मुंबईत दोन्ही आहेत. तिथल्या वर्गात तुमच्यासारखेच डोळे चोळणारे असतात, त्यामुळं झोप आली तर लाज वाटत नाही. ज्यांना तेही जमत नाही त्यांना मुक्त विद्यापीठ आहे. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून, मुंबई विद्यापीठाचं दूरस्थ शिक्षण १९७१ पासून. त्याला नाकं मुरडू नका. माझी बहीण आज औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी राहते आणि रविवारी मुक्त विद्यापीठाच्या केंद्रावर जाते. शेवटच्या वर्षाला आहे. पण खरं सांगतो, ती इंजिनिअर झाली नाही. तिला व्हायचं होतं. मुक्त विद्यापीठ म्हणजे सगळं भरून निघालं असं जो म्हणेल त्याच्याशी मी भांडेन.

ज्याची घरात बसून अभ्यास करायची सोय नाही, आणि दहा बाय दहात कुणाची असते, त्यानं कॉलेजची लायब्ररी बघा. अ‍ॅडमिशनच्या आधी आत जाऊन बघा. किती वाजता बंद होते? वर्ग संपल्यावर बसू देतात का? पुस्तकं घरी देतात का? लायब्ररी रात्री आठपर्यंत उघडी ठेवणारं जुनाट कॉलेज चार वाजता कुलूप घालणाऱ्या काचेच्या कॉलेजपेक्षा आपल्याला दहा पट मोठं. अंतरही हिशोबात धरा. विद्यार्थ्यांचा सवलतीचा पास मिळतो, पण रोजचे चार तास लोकलमध्ये गेले तर ते परत द्यायची सवलत रेल्वेकडं नाही.

बाहेरगावी जायचं असेल तर समाजकल्याणच्या वसतिगृहाचा अर्ज पहिल्या दिवशी टाका. नंबर लागला नाही तर स्वाधार योजना आहे, २०१६-१७ साली सुरू झालेली. मुंबई-पुण्यासारख्या शहरासाठी वर्षाला साठ हजार ठरवले. त्यातले जेवणाचे बत्तीस हजार. दिवसाला सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी रुपयांत दोन वेळा जेवून दाखवा. तरी सोडू नका, मागा. गावाकडचे आपले भाऊबंद इथं शिकायला येतात, त्यांना हे माहीत नसतं, त्यांना सांगा.

दहावीवाले पोरगे मागं गप्प बसलेत, त्यांच्यासाठी: अकरावीच्या रांगेशिवाय दुसरी वाटही आहे. सरकारी तंत्रनिकेतनात तीन वर्षांचा डिप्लोमा, आणि मग इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. सरकारी म्हणतोय मी, शब्द नीट ऐका. आणि अल्पसंख्याक संस्थांची नामांकित कॉलेजं लिहिताना ध्यानात असू द्या की घटनेच्या १५(५) कलमातून त्या संस्था वगळल्यात, तिथं आपलं आरक्षण धरून चालू नका.

नॅकचं काय, एकानं मघाशी विचारलं. गेटावर मोठ्या अक्षरात ए-प्लस लिहितात ते. तो शेरा पाच वर्षांचा असतो, कुठल्या साली मिळाला ते बघा. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत सीबीआयनं नॅकच्या तपासणी समितीतल्याच लोकांना लाचेच्या प्रकरणात पकडलं. तेव्हा शेरा बघा, पण तेवढाच बघू नका. त्यापेक्षा दुसऱ्या वर्षाच्या पोराला चहा पाजा आणि विचारा: किती मास्तर कायमचे, किती तासिकेवरचे? तासिकेवरचा मास्तर वाईट नसतो. तो माझ्यासारखाच आहे, कंत्राटी, तासावर मोजलेला. पण वर्षाच्या मध्ये तो गेला तर तुमचा विषय कोण शिकवणार? हेही विचारा: एससी-एसटी सेल कुठं आहे? नुसती पाटी आहे की आत माणूस बसतो? आपली किती पोरं शेवटच्या वर्षापर्यंत पोचली?

हे मी उगाच विचारा म्हणत नाही. १७ जानेवारी २०१६ ला हैदराबादला रोहित वेमुला गेला. त्याच्या चिठ्ठीत हिशोब आहे: सात महिन्यांची फेलोशिप, एक लाख पंच्याहत्तर हजार, यायची बाकी. एवढा शिकलेला मुलगा, आणि शेवटच्या कागदावर त्याला थकबाकी लिहावी लागली. जे विद्यापीठ तुझे पैसे अडकवून तुला बाहेर उभं करतं, ते फीनं कितीही स्वस्त असो, महागच आहे.

पोरींच्या आईबापांना. २०२४ साली सरकारनं आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या मागासवर्गीय आणि आर्थिक दुर्बल घरातल्या मुलींना व्यावसायिक कोर्सला फी माफी जाहीर केली. तेव्हा फी नाही म्हणून पोरीला थांबवलं, हे आता मला सांगू नका. भीती वाटते म्हणून थांबवलं असं सांगा, मग भीतीचं बोलू.

शेवटचं. नवीन शैक्षणिक धोरण २०२४-२५ पासून कॉलेजाकॉलेजात आलं. त्यात एक वर्ष केलं की सर्टिफिकेट, दोन वर्षं केली की डिप्लोमा, आणि बाहेर पडायची मुभा. ऐकायला चांगलं. मला मात्र त्यात एक उघडा दरवाजा दिसतो आणि त्यातून कोण बाहेर पडणार तेही दिसतं. डॉक्टरचं पोरगं पहिल्या वर्षानंतर बाहेर पडत नाही. तुम्हाला पडावंच लागलं तर बाबासाहेबांसारखे पडा. १९१७ साली बडोद्याची शिष्यवृत्ती संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना यावं लागलं. पण येताना चार वर्षांच्या आत परत येऊन पुरा करीन अशी परवानगी घेऊन आले. मग सिडनहॅमला शिकवलं, पै-पै साठवली, आणि १९२० ला परत गेले. तेव्हा कॉलेज सोडायची पाळी आली तर ऑफिसात जाऊन लेखी विचारा, परत कधीपर्यंत येता येईल, झालेलं वर्ष धरणार का. नुसतं घरी बसू नका. बहीण नुसती घरी बसली होती. दीड वर्ष.

माझी आज रात्रपाळी आहे, निघतो. रविवारी सकाळी दहा ते दोन मी इथंच विहारात असेन, बहीणही तिच्या केंद्रावरून परत आली की येईल, ऑप्शन फॉर्म ती भरून देते. फार लांबलचक भरते. येताना उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आणि बापाचा, चुलत्याचा, ज्याचा कुणाचा असेल त्याचा शाळा सोडल्याचा दाखला आणा. दाखवायला मूळ आणा, द्यायला झेरॉक्स. मूळ कागद कुणाच्याही हातात ठेवून जायचं नाही, माझ्यासुद्धा.